वाटी बुडेपर्यंत

एका तळ्याकाठच्या गावात सटवाजी नावाचा एक कुंभार राहत होता. हाताचा कसबी, पण तोंडाचा फाटका. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाची चिकणमाती काढायची आणि तिच्यावर वर्षभर मडकी घडवायची, हे त्याच्या पणज्यापासून चालत आलं होतं. एका वर्षी गावच्या देशमुखांनी तळ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि मातीला हात लावायचा नाही, असं बजावलं. सटवाजीचं चाक थांबलं.

गावच्या पंचांनी विचारलं, कागद आहे का? परगण्याच्या न्यायाधीशांनीही तेच विचारलं. कागद नव्हता. दोन्हीकडे सटवाजी हरला. आता राहिला राजाचा दरबार. त्याच्यापलीकडे दाद मागायला जागाच नाही. पण राजासमोर उभं राहायलाही आधी परवानगी लागे, आणि ती देणारे विश्वनाथशास्त्री देवडीवर बसत. त्यांची रीत ठरलेली होती. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला भोक असलेली वाटी सोडायची. ती बुडेपर्यंत अर्जदाराने काय ते बोलायचं. तीनदा नकार मिळाला की दार कायमचं बंद.

पहिल्या खेपेला सटवाजीने पणज्यापासून सुरुवात केली. आजोबांच्या लग्नापर्यंत आला आणि वाटी बुडाली. पुढच्या खेपेला त्याने देशमुखांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तीन पिढ्या राहून गेल्या. दोन्ही वेळा शास्त्रीबुवांनी एवढंच विचारलं, "हे तुझं दुःख झालं. यात राजाने ठरवायचं काय?"

सटवाजीचं डोकं भणाणलं. चार दिवस पायपीट करून यायचं आणि वर हा प्रश्न! माती गेली, चाक थांबलं, आणखी काय ठरवायचं असतं? वाटेत भेटेल त्याला हे ऐकवत तो घरी गेला.

तिसऱ्या खेपेला पावसाळा तोंडावर आला होता. तळं भरलं की माती पाण्याखाली जाणार. देवडीबाहेर त्याच्या शेजारी भागाई नावाची बुरडीण बसली होती. कोणी विचारलं नसताना तिने आपली कैफियत सुरू केली. सासूने दिलेला कोयता, दिराचं दुखणं, पाटलाच्या बायकोचा तोरा. अर्धी सकाळ गेली. सटवाजी वैतागला.

"बाई, मुद्द्याचं बोल की. तुझं गेलं काय?"

"बांबूचं बेट," भागाई म्हणाली. "सासूच्या सासूपासून तिथलाच बांबू तोडतोय आम्ही. आता पाटील म्हणतो, कागद दाखव."

आपण आत बसून हेच करत होतो, हे सटवाजीच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पलीकडे एक धनगर बसला होता. त्याला त्याने सरळच विचारलं. त्याचं चराईचं कुरण गेलं होतं, तेही कागद नव्हता म्हणूनच.

आत वाटी पाण्यात सोडली गेली. पणजोबा अगदी ओठांवर आले होते, ते सटवाजीने गिळले.

"शास्त्रीबुवा, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे पण कागद नाही, अशा माणसाला या राज्यात हक्क आहे की नाही, एवढंच राजाने सांगावं. बाहेर याच प्रश्नापायी आणखी दोघं बसलीत."

एवढं बोलून तो थांबला. वाटी अजून तरंगत होती. शास्त्रीबुवांनी लेखणी उचलली.

"हे पहिल्याच खेपेला सांगायला काय झालं होतं?"

"तेव्हा मला माझ्या मातीपलीकडचं काही दिसत नव्हतं," सटवाजी म्हणाला.

परवानगी मिळाली. तिघांचं गाऱ्हाणं एकदमच राजापुढे गेलं, आणि जुनी वहिवाट कागदाइतकीच खरी मानावी, असा राजाने निवाडा दिला. देशमुखांनी निमूटपणे कुंपण काढलं. पण सटवाजी घरी पोचला तेव्हा पाऊस पडून तळं काठोकाठ भरलं होतं. त्या वर्षी त्याला एकही मडकं घडवता आलं नाही, आणि दोन खेपा त्याने स्वतःच वाया घालवल्या होत्या, म्हणून या खेपेला शिव्या घालायला देशमुखही उरले नव्हते.

तात्पर्य: अन्यायाची दाद मागताना आपल्या दुःखात सगळ्यांचा प्रश्न कोणता आहे ते आधी शोधावं, आणि तेवढंच वेळेवर बोलावं.