उंबराएवढी फट

ओढ्याकाठच्या एका जुन्या रानात सातभाईंचं एक कुटुंब राहत असे. मुलांनो, सातभाई तुम्ही पाहिले असतील. मातकट रंगाचे, विस्कटलेल्या पिसांचे, पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत किडे वेचणारे आणि सकाळपासून आपसांत कचाकचा भांडणारे पक्षी. नाव सातभाई असलं, तरी या घरात चार बहिणी होत्या. नाव ठेवणाऱ्यानं आधी चौकशी केली नव्हती, त्याला कोण काय करणार? घरात शब्द चालायचा तो सगळ्यांत मोठ्या बहिणीचा. तिला सारं रान थोरली म्हणूनच ओळखत असे.

या घराण्यानं एक वसा घेतलेला होता. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायच्या वेळी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते, उंबराचं एक फळ जाईल एवढी. आत बसल्या बसल्या तिच्या पंखांची पिसंही गळून जातात, म्हणजे बाहेर पडायचं म्हटलं तरी उडता यायचं नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत नर बाहेरून फळं आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. पण त्या नरालाच काही झालं तर? तर ढोलीतल्या मायलेकरांना कुणी वाली नाही. म्हणून ज्या धनेशिणीचा जोडीदार परतला नाही, तिला सातभाईंनी भरवायचं, असा या घरात पूर्वापार नेम होता. बदल्यात काही घ्यायचं नाही. थोरलीला या गोष्टीचा भारी अभिमान. "आमच्या घराण्यात आजवर कुणी शेजाऱ्यापुढं चोच पसरली नाही," असं ती येताजाता ऐकवायची, आणि तिच्या धाकट्या भावंडांना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

एका उन्हाळ्यात मात्र या अभिमानाची कसोटी लागली. एक नर धनेश चारा आणायला गेला, त्याच्यावर गरुडानं झडप घातली आणि तो परतलाच नाही. सातभाईंनी त्याच दिवशी काम हाती घेतलं. सुरुवातीला ढोलीजवळच्या उंबरावर फळं होती, तोवर ठीक चाललं. मग ऊन तापलं, ते उंबर संपलं, आणि फळांनी लगडलेलं झाड उरलं ते एकच, ओढ्यापलीकडचं. त्यावर वानरांचं बिऱ्हाड. सातभाई फांदीवर उतरले रे उतरले, की म्हातारा हुप्प्या दात विचकून अंगावर यायचा. त्यातूनही एखादं फळ चोचीत धरून निघावं, तर सातभाईंचे पंख तोकडे. ओढा ओलांडता ओलांडता दम लागायचा आणि फळ पाण्यात पडायचं. शिवाय त्यांना सुतारपक्ष्यासारखं खोडाला चिकटून बसता येत नाही. फटीसमोर पंख फडफडवत कसंबसं तरंगायचं आणि फळ आत ढकलायचं, यातच निम्मा जीव जायचा.

एका संध्याकाळी थोरलीनं दिवसभरातलं एकुलतं एक फळ आत सरकवलं. धनेशिणीनं ते घेतलं.

"पिल्लाला दिलं," ती आतून म्हणाली. "माझं राहू दे. पण हल्ली ते ओरडत नाही गं. नुसतं मान टाकून बसतं."

थोरली खाली उतरली. आपण हरतोय हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ती घाबरली.

त्याच सुमारास रानात हत्ती आला. हा हत्ती दर उन्हाळ्यात एकदा यायचा, मोठ्या वडाखाली दरबार भरवायचा आणि रानाच्या भल्यासाठी झटणाऱ्यांना सढळ सोंडेनं मदत द्यायचा. मनानं अगदी राजा. त्याचा कारभार पाहायचा एक कोल्हा. धाकटी म्हणाली, "ताई, हत्तीकडं मागूया का?" थोरलीनं विचार केला. शेजाऱ्याकडं मागायला तिला लाज वाटायची, पण हत्तीकडं मागण्यात तिला कमीपणा वाटेना. मोठ्यांकडं मागितलं तर तो अर्ज होतो आणि शेजाऱ्याकडं मागितलं तर भीक, अशी काहीतरी तिची समजूत होती. पुष्कळांची असते.

कोल्ह्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून पंजा फिरवला. "हे बघ, एक ढोली, एक फट, एक पिल्लू, असलं काही दरबारात बोलू नकोस. फार बारीक दिसतं ते. 'समस्त पक्षिकुळाच्या कल्याणार्थ भरघोस साहाय्य' असं म्हण. मोठ्यांपुढं मोठंच मागावं."

थोरलीनं ते वाक्य घोकलं. दरबारात हत्तीनं मायेनं विचारलं, "बोल गं पाखरा, काय हवं तुम्हाला?" आणि तिनं घोकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून टाकलं. फटीचा उल्लेखही केला नाही. हत्तीचा ऊर भरून आला. एवढीशी पाखरं आणि केवढा विचार! त्यानं स्वतः सोंडेनं रानातला सगळ्यांत मोठा फणस तोडला, वाजतगाजत ढोलीच्या झाडाखाली आणून ठेवला, आणि कोल्ह्यानं त्या फणसासमोर उभं राहून लांबलचक भाषण केलं. साऱ्या रानानं माना डोलावल्या. हत्ती समाधानानं पुढच्या रानाकडं निघून गेला; कोल्हा याच रानातला, तो मागं राहिला.

आता पुढं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. फणसाला काटे, आत चीक. सातही भावंडं त्यावर तुटून पडली आणि धाकटीची चोच अशी चिकटली की तिला तासभर बोलता येईना. त्या घरातला तेवढाच काय तो शांततेचा तास. मोठ्या कष्टानं एक गरा सुटला, तर तो फटीपेक्षा दुप्पट मोठा. अंधार पडताच वासावर रानडुकरं आली, त्यांनी फणस फोडून खाल्ला आणि झाडाखाली चिखल करून ठेवला. एवढा मोठा मान मिळाला, पण ढोलीत घासभरही काही पोचलं नाही.

सकाळी थोरलीनं फटीला कान लावला. आतून पिल्लाचा आवाज आला, पण इतका बारीक, की तो खरंच आला की आपल्याला भास झाला हे तिला कळेना. ती फांदीवर येऊन बसली. भावंडं तिच्याकडं पाहत होती. चिखलाच्या त्या भिंतीआड एक जीव आपल्या भरवशावर बसलाय, आणि आपण आपला तोरा सांभाळत बसलोय, हे तिला इतकं लख्ख दिसलं की स्वतःची लाज वाटली.

"चला," ती उठली. "शेजारी जाऊ."

"मागायला?" धाकटीची चोच एव्हाना मोकळी झाली होती.

"मागायला," थोरली म्हणाली.

आधी ती ओढ्यापलीकडं गेली. म्हाताऱ्या हुप्प्यानं दात विचकले, पण या खेपेला ती फांदीवर न बसता खाली, त्याच्यासमोर येऊन बसली. तिनं ढोलीची गोष्ट सांगितली. फट केवढी ते सांगितलं. पिल्लाचा आवाज कसा झालाय तेही सांगितलं. समस्त पक्षिकुळाचं तिनं नावही काढलं नाही.

हुप्प्यानं विचकलेले दात मिटले. "इतके दिवस कुठं होतीस?" तो म्हणाला. "चोरून फळ न्यायला बघायचीस, बोलायला कधी आली नाहीस. मला वाटलं, हावरट आहात. अगं, आमची पोरं चार फळं तोडतात, एक खातात आणि तीन खाली टाकतात. आमच्याच्यानं खाली उतरून ती वेचणं होत नाही. खालचं सगळं तुमचं."

थोरलीनं खाली पाहिलं. झाडाखाली लालभडक उंबरांचा सडा पडला होता. पाचोळ्यातलं वेचण्यात सातभाईंचा हात कोण धरणार? जन्मभर त्यांनी तेच तर केलं होतं. पण फळ म्हटलं की वर बघायचं, अशी सवय लागल्यामुळं या सड्याकडं त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

फळं मिळाली, पण ओढा होताच. तेव्हा थोरली शेकरूकडं गेली. शेकरू म्हणजे ती झुपकेदार शेपटीची मोठी खार, जी कधी जमिनीवर पाय ठेवत नाही आणि झाडांच्या शेंड्याशेंड्यांवरून अख्खं रान ओलांडते. शेकरू म्हणाली, "एवढंच ना? रोज दिवसातून कितीदा तरी ओढा ओलांडते मी, तोंड रिकामंच असतं. तुम्ही फळ वरच्या फांदीवर आणून द्या, मी जाता जाता नेईन. मुद्दाम फेरी मारायला सांगशील तर नाही जमायचं हं, आधीच सांगते."

"मुद्दाम नको, वाटेवर असेल तेवढंच पुरे," थोरली म्हणाली.

सुतारपक्ष्यानं मात्र सरळ झिडकारलं. त्याला म्हणे मान वर करायला फुरसत नव्हती. थोरलीनं वाद घातला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो ठकठक करत ढोलीच्याच झाडावर आला, फटीशेजारी खोडाला चिकटून बसला, सालीखालची एक लठ्ठ अळी उपसून त्यानं आत सरकवली, आणि जणू कुणी पाहिलंच नाही अशा थाटात पुढं गेला. मग तो रोज यायला लागला. शेकरूनं फांदीवर ठेवलेली फळंही फटीत तोच घालू लागला. फक्त त्याला कुणी धन्यवाद द्यायचे नाहीत, एवढी त्याची अट होती.

अशी ती साखळी सुरू झाली. वानरांनी वरून टाकायचं, सातभाईंनी खाली वेचायचं, शेकरूनं ओढा ओलांडायचा, सुतारानं भरवायचं. कुणाचाही दिवस मोडला नाही. बघता बघता बाकीचेही येऊन विचारू लागले. बुलबुल करवंदं आणू लागले. वानरांची पोरं तर आता चांगली पिकलेली फळं मुद्दाम निवडून खाली टाकू लागली, आणि हुप्प्या ते दिसत नसल्यासारखा पाठ खाजवत बसू लागला. ढोलीतला आवाज हळूहळू वाढत गेला. पुढं पुढं तर पिल्लू इतकं ओरडायचं, की सातभाईसुद्धा म्हणाले, "काय हा गोंगाट!"

मग एके दिवशी सकाळी फटीच्या कडेचा चिखल आतून फुटू लागला. बातमी वणव्यासारखी पसरली. अख्खं रान त्या झाडाभोवती जमलं. भिंत पडली आणि धनेशीण बाहेर आली, नव्या पिसांची, उजेडानं डोळे मिचकावत. तिच्यामागून पिल्लानं मान बाहेर काढली. चांगलं गुबगुबीत, मोठ्या चोचीचं पिल्लू. त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं आणि पंख उघडून सरळ ओढ्यावर झेप घेतली. हवेत एक गोता खाल्ला, सावरलं, आणि पलीकडच्या उंबरावर वानरांच्या मधोमध जाऊन बसलं.

धनेशिणीनं साऱ्यांकडं पाहिलं. इतके दिवस तिनं फटीतून नुसत्या चोची पाहिल्या होत्या. "मला कुणी वाचवलं?" तिनं विचारलं. "कुणाचे उपकार मानू?"

झालं. एकच गिल्ला उठला. वानरं म्हणाली, फळं आमच्या झाडाची. शेकरू म्हणाली, ओढा काय यांनी ओलांडला? बुलबुलांनी करवंदांची आठवण करून दिली. कुणाचे धन्यवाद नको असलेला सुतारपक्षी पुढं सरकून सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, "भरवायचो मी." आणि कोल्हासुद्धा छाती काढून गर्दीत शिरला. "या कामाला मार्गदर्शन पहिल्यापासून माझंच होतं," तो सांगत सुटला.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. "ताई, बोल की काहीतरी! वसा आपला, जीव काढला आपण, आणि मिरवतात हे सगळे. बाकीच्यांचं एक वेळ चालेल, पण तो कोल्हा? त्यानं काय केलं?"

थोरली फांदीवर ताठ बसली होती. तिची छाती अशी भरून आली होती, की घराण्याची बढाई मारतानासुद्धा कधी भरली नव्हती. पलीकडं पिल्लाला वानरांची पोरं उंबर देत होती, आणि इकडं सारं रान 'आमचं, आमचं' म्हणून भांडत होतं.

"मिरवू दे," ती म्हणाली. "आज सगळ्यांदेखत 'माझं काम' म्हणतोय ना तो? पुढच्या वर्षी आपण फळं वेचायला बोलावलं, की त्याला नाही म्हणता यायचं नाही."

तात्पर्य : मोठ्या देणगीची वाट पाहत बसण्यापेक्षा शेजाऱ्याला त्याच्या वाटेवरची मदत नेमकी मागावी; आणि काम तडीस गेलं की त्याचा अभिमान एकट्यानं न बाळगता साऱ्या गावाला वाटून टाकावा, म्हणजे ते काम साऱ्या गावाचं होतं.