तपासणीपुरता सूक्ष्मदर्शक

तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला सूक्ष्मदर्शक दिला, असं पेपरात छापून आलं होतं. आम्हाला तो दिसला तपासणीच्या दिवशी. सकाळी टेम्पोतून उतरला आणि मागोमाग गटशिक्षणाधिकारी हिर्लेकर साहेब आले.

कांद्याचा पापुद्रा बघायला आम्ही रांग लावली. माझा नंबर यायच्या आतच साहेबांचा शिपाई सूक्ष्मदर्शक खोक्यात भरू लागला.

साहेब खुशीत म्हणाले, "मुलींनो, अजून काय हवंय? मागा."

माझ्या मागची गौतमी म्हणाली, "साहेब, तुम्ही इथेच मुक्कामाला राहा."

"का गं? एवढा आवडलो का आम्ही?"

"तुम्ही असेपर्यंतच सूक्ष्मदर्शक शाळेत असतो, म्हणून."

सगळा वर्ग हसला. साहेबांचे कान लाल झाले. "ठेव रे तो इथेच," ते शिपायाला म्हणाले.

त्या दुपारी मी पेशी पाहिल्या, विटांसारख्या एकमेकींना लागून बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी तपासणी शेजारच्या वाडीतल्या शाळेत होती. टेम्पोत आता काही उरलं नव्हतं. तुमच्या शाळेचा सूक्ष्मदर्शक कुठे गेला, याचा लेखी खुलासा साहेबांनी तिथल्या बाईंकडे मागितला.

हे कळल्यापासून गौतमी त्या भिंगाला डोळा लावत नाही.