धामणखेडचा भिवा पंच

धामणखेडात एक भोळा पंच होता. त्याचं नाव भिवा कोंडे. पंच म्हणजे भावकीची भांडणं मिटवणारा नव्हे, बुद्धिबळाचा पंच.

आधी तो मंडईत वांगी तोलायचा. तराजूचा काटा मधोमध आल्याशिवाय पारडं खाली ठेवत नसे. एकदा अर्धं वांगं जास्त झालं, तर त्याने गिऱ्हाइकासमोर ते कच्चं चावून काटा जुळवला. नलावडे सरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. "असा माणूस पंच पाहिजे," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "सर, वांग्यापुरतं ठीक आहे." पण सरांनी ऐकलं नाही.

नलावडे सर हे गणिताचे निवृत्त मास्तर. मंडईच्या माडीवर एका खोलीत त्यांचं बुद्धिबळ मंडळ चालतं. सभासद बावीस, पट अकरा, गट पाच. माझं भांड्यांचं दुकान त्याच जिन्याखाली, म्हणून मीही सभासद. घोडा अडीच घरं जातो, यापुढे माझी मजल नाही. पण बक्षिसाचे डबे माझ्याकडून जातात आणि त्यावर नावंही मीच घालून देतो, त्यामुळे मला मान आहे.

खोली नगरपालिकेची. तिची मुदत संपत आली होती आणि नगरपालिकेला तिथे डास मारायचं धुराचं यंत्र ठेवायचं होतं. पाच शाळांची साठ पोरं तिथे खेळायला येत. खोली गेली तर त्यांना बसवायचं कुठे? सरांनी मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज केला. नगराध्यक्षा कुमुदिनीताई शेटे म्हणाल्या, "सर, आधी तुमची शाळांची स्पर्धा बघते. उद्घाटनाला मीच येते. मग अर्जावर सही."

म्हणजे स्पर्धेपर्यंत महिनाभर काही गडबड व्हायला नको होती. आणि नेमकं तेव्हाच सरांनी भिवाला पंच नेमलं.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "भिवा, पंचाने गप्प बसायचं. कुणी बोलावल्याशिवाय मध्ये पडायचं नाही."

"बरं सर. ध्यानात ठेवतो."

दुपारी मंडईतली एक शेळी जिना चढून वर आली. पोरांचे डाव लिहिलेले कागद कोपऱ्यात इयत्तेवार रचून ठेवले होते. शेळीने वरून सुरुवात केली. भिवा तिच्याशेजारी स्टुलावर हाताची घडी घालून बसला होता. सर आले तेव्हा शेळी आठव्या इयत्तेपर्यंत पोचली होती.

"अरे भिवा! बघत काय बसलास?"

"मला कुणी बोलावलं नाही सर."

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, बाहेरचं कुणी आत घुसलं की आधी हाकलायचं! विचारायचं नंतर!"

"बरं सर. ध्यानात ठेवतो."

आणि तो ध्यानात ठेवायचा हो. दुकानात मी पंचवीस नोकर पाहिले. विसरणारा नोकर परवडतो. त्याला पुन्हा सांगता येतं. न विसरणाऱ्याला काय करणार?

चार दिवसांनी जिल्हा संघटनेचे सचिव मंडळ पाहायला आले. सफारी घातलेले, हातात फाइल. त्यांनी उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला. भिवाने केरसुणी उचलली. "हाड! हाड!" करत त्यांना जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत नेलं आणि तिथे अदबीने विचारलं, "आपण कोण?"

सचिवांची फाइल माझ्या घागरींत सापडली. सरांनी हातापाया पडून त्यांना उसाचा रस पाजला आणि वर येऊन भिवाला म्हणाले, "अरे, माणूस आणि शेळी यात काही फरक? माणूस आला की हात जोडायचे. खुर्ची द्यायची. चहा विचारायचा."

"बरं सर. ध्यानात ठेवतो."

त्या रविवारी सरावाचे डाव होते. पालकांना आत यायची बंदी होती. पालक ही जात अशी की पोराने घोडा हलवला की यांना परदेशचं विमान दिसतं. एका पोराचे वडील दार लोटून आत आले. भिवाने हात जोडले. पोराच्या अगदी शेजारी खुर्ची मांडून दिली. चहा आणला. वडील चहाचा घोट घेत म्हणाले, "बाळा, उंट काढ. आता वजीर पुढे घे." बाळाने काढला. बाळाने घेतला. बाळ जिंकलं. वडिलांनी दुसरा कप मागितला.

"अरे भिवा, ते चाली सांगत होते!"

"हो सर. दोन तर मलाही पटल्या."

सर म्हणाले, "हे बघ. डाव चालू असताना जो बोलेल, खाणाखुणा करेल, त्याचा डाव संपला. हरला म्हणून लिहून टाकायचं. अगदी जागच्या जागी."

"बरं सर. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पहिलीतला एक बारका पोरगा जिंकत आला होता. त्याने भिवाकडे बघून करंगळी वर केली. भिवाने कागद ओढला आणि लिहिलं, हरला. पोरगा कळवळून दुसऱ्यांदा करंगळी दाखवू लागला. भिवाने खाली लिहिलं, पुन्हा हरला. पुढे जे व्हायचं ते खुर्चीवरच झालं. पोराची आई घरी चालती झाली, पण त्याआधी तिने सरांना जे सुनावलं, ते मला खाली दुकानात ऐकू आलं.

सरांचा आवाज बसला होता. ते हळूच म्हणाले, "भिवा, माणसाची अडचण असते रे. ऐकून घ्यावी. थोडी सवलत द्यावी."

"बरं सर."

आता आमचे चौगुले वकील. संध्याकाळी खेळायला येतात आणि हरतात. आमच्याकडे खुर्च्या कमी, म्हणून रिवाज असा की हरलेल्याने उठायचं, जिंकलेल्याने त्याच्या खुर्चीवर जायचं, म्हणजे सोंगट्या बदलतात, आणि रिकाम्या खुर्चीवर थांबलेल्याला बसू द्यायचं. त्या दिवशी वकील हरले आणि म्हणाले, "पंच, पंख्याचा आवाज होता. हा डाव धरायचा नाही." भिवाने अडचण ऐकून घेतली. सवलत दिली. दुसऱ्या डावाला त्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं. तिसऱ्याला खालून मेथीचा वास आला. वकील सात डाव हरले आणि जागचे हलले नाहीत. भिंतीला नऊ माणसं टेकून उभी होती. त्यातल्या पाच जणांनी तिथल्या तिथे सहावा गट काढला.

मग मात्र नलावडे सर कडाडले. "भिवा! या मंडळात एक नियम सगळ्यांच्या वर. हरला तो उठला, जिंकला तो त्याच्या खुर्चीवर बसला. सबब ऐकायची नाही. आणि नियम सगळ्यांना सारखा. वकील असो, कलेक्टर असो, नाहीतर नगराध्यक्ष असो!"

भिवाने तीनदा मान हलवली. "हे फार चांगलं आहे सर," तो म्हणाला. "हे मला पक्कं कळलं."

स्पर्धेचा दिवस उजाडला. फलकावर कुमुदिनीताईंचा फोटो पुरुषभर आणि बुद्धिबळाचा घोडा माशीएवढा. ताई आल्या. सत्कार झाला. ताईंनी भाषण केलं की बुद्धिबळाने बुद्धीही वाढते आणि बळही वाढतं. टाळ्या झाल्या. मग उद्घाटन. म्हणजे आमच्याकडची पद्धत अशी की पाहुण्याने पटावर एक प्यादं सरकवायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या कार्यक्रमाला जायचं.

ताई पांढऱ्या सोंगट्यांमागच्या खुर्चीवर बसल्या. समोर दुसरीतली ओवी गुजर. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. ताईंनी राजाजवळच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवलं. फोटो निघाला. ताई उठू लागल्या.

भिवाने घड्याळ दाबलं. "ताई, बसा. डाव सुरू झाला."

"अहो, मला लग्नाला जायचंय."

"सबब ऐकायची नाही," भिवा म्हणाला.

ओवीने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. सगळे हसले. ताईही हसल्या, कारण फोटोवाला अजून समोरच होता. तो म्हणाला, "मॅडम, हात पटावर ठेवा ना, अजून एक घेतो." ताईंनी हात ठेवला. बोट शेजारच्या, घोड्यापुढच्या प्याद्यावर पडलं.

"हात लागला," भिवा म्हणाला. "तेच चालवा."

एकदाचं सुटावं म्हणून ताईंनी ते दोन घरं ढकललं. ओवीने पटाकडे पाहिलं. मग तिचा वजीर तिरका सुळकन आला तो पटाच्या कडेला, थेट ताईंच्या राजावर डोळे वटारून उभा राहिला.

"शह आणि मात," ओवी म्हणाली. दात नसल्यामुळे शब्दांबरोबर थोडी हवाही आली.

सरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. भिवाने कागदावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "नगराध्यक्षा शेटे हरल्या. गुजर ओवी जिंकली."

पण राजकारणात इतकी वर्षं काढलेली बाई ती. तिने ओवीला उचलून कडेवर घेतलं, फोटोवाल्याकडे वळली आणि म्हणाली, "बघा, आमच्या गावची लेक! सर, उद्या सकाळी अर्ज घेऊन कुणाला तरी पाठवा. सही करून टाकते."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोली वाचली होती. मी पदरचे पेढे वाटले. ओवीला एक डबा दिला आणि त्यावर नावाबरोबर कमळही कोरून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या पोरांच्या उरलेल्या फेऱ्या होत्या. सरांना हलता येईना. मी म्हटलं, "अर्ज मी नेतो." पण गिऱ्हाईक आलं आणि जाणं राहिलं. शेवटी सरांनी अर्ज भिवाच्या हातात दिला. खबरदारी म्हणून बजावून सांगितलं, "भिवा, नगराध्यक्षांचीच सही आण. दुसऱ्या कुणाची चालणार नाही. आणि तिथे स्वतःचं डोकं चालवू नकोस. मी शिकवलंय तेवढंच कर."

"बरं सर. तुम्ही शिकवलंय तेवढंच."

तास गेला. दोन तास गेले. दुपारी एकच्या सुमारास मला दुकानातून दिसलं की भिवा येतोय. त्याच्या डोक्यावर उंच पाठीची, लाल मखमलीची, खाली चाकं असलेली खुर्ची. मागे दप्तर पाठीला लावून ओवी. मी गल्ल्यावरून तसाच उठलो आणि त्यांच्यामागे जिना चढलो.

भिवाने खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली. घाम पुसला. खिशातून अर्ज काढून सरांना दिला. सरांनी तो उलगडला. नगराध्यक्ष असं छापलं होतं त्याच्यावर पेन्सिलीने वळणदार अक्षरांत सही होती : ओवी सागर गुजर, दुसरी ब. बाजूला एक फूल.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"नगराध्यक्षांची सही सर. दुसऱ्या कुणाची घेतली नाही."

"आणि कुमुदिनीताई?"

"त्या हरल्या ना काल. हरला तो उठला. मी ओवीला शाळेतून घेतलं आणि नगरपालिकेत गेलो. ताईंना म्हटलं, उठा. त्या म्हणाल्या, मीटिंग चालू आहे. मी म्हटलं, सबब ऐकायची नाही. तरी उठेनात."

"कुणासमोर म्हणालास हे?"

"सगळ्या नगरसेवकांसमोर. मी कालचा कागदही वाचून दाखवला. निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या सर. ते तर म्हणाले, ओवीबाईंना पाठिंबा आहे."

"अरे देवा. मग?"

"मग ताई रागाने फोन करायला गॅलरीत गेल्या. म्हणजे उठल्याच की. ओवीला खुर्चीवर बसवलं, सही घेतली. पण त्या परत येऊन बसतील असं मला वाटलं. हरलेली माणसं बसतात, वकिलांचं मी पाहिलंय. म्हणून खुर्चीच घेऊन आलो."

ओवी म्हणाली, "सर, ती गोल पण फिरते."

सरांनी आधारासाठी मागे हात नेला आणि ते मटकन खाली बसले. नेमके त्या खुर्चीवर. खुर्ची एक गिरकी घेऊन दाराकडे तोंड करून थांबली.

दारात नगरपालिकेचे दोन शिपाई आणि एक हवालदार उभे होते. शिपायाच्या हातात खोलीला लावायचं कुलूप होतं. हवालदाराने वही उघडली आणि विचारलं, "खुर्ची कुणी बळकावली?"

भिवा पुढे झाला. सरांकडे बोट दाखवून म्हणाला, "यांचं नाव लिहून घ्या साहेब. एकही डाव न जिंकता बसलेत."