खांद्यावरची साळुंकी

एका राज्यात प्रत्येक माणसाच्या डाव्या खांद्यावर एक साळुंकी बसलेली असे. हाकलली तर उडत नसे, दाणे टाकले तर उतरत नसे. ती माणसाशी त्याच्याच आवाजात बोले, आणि बोले ते एवढंच, की तुझ्याच्याने व्हायचं नाही. कुंभाराला म्हणे, मडकं फुटणार. नवरीला म्हणे, तू नावडती होणार. राजाला म्हणे, तू निवाडा करशील तो चुकणार. म्हणून तो गादीवर आल्यापासून त्या राज्यात नऊ वर्षं एकही निवाडा झाला नव्हता, आणि दोन भावांच्या भांडणातली म्हैस चावडीपुढे बांधल्या बांधल्या म्हातारी झाली होती.

हे संकट आलं कुठून? राजा अरिंजयाच्या आज्याने टेकडीखालून तांब्याचा एक हंडा उकरून काढला. हंड्यावर कोरलं होतं, ‘उघडू नये’. राजांना असली अक्षरं कधी लागत नाहीत. त्याने हंडा उघडला. आत सोनं नव्हतं, साळुंक्या होत्या. त्या भर्रकन उडाल्या, माणशी एक वाटून बसल्या, आणि हंड्याचं झाकण आपोआप मिटून त्यावर तीन कड्या चढल्या. त्या दिवसापासून हंडा राजवाड्याच्या चौकात पडून होता आणि प्रजा साळुंक्यांचं ऐकत होती.

मग स्थिरदत्त नावाचा मांत्रिक आला. त्याच्या खांद्यावरची साळुंकी पंखात चोच खुपसून गाढ झोपलेली होती. लोक धावले. स्थिरदत्ताने सांगितलं, नदीच्या घाटावर बसा, डोळे मिटा, एक घटका तसूभरही हलू नका, साळुंकी झोपेल. काही जण बसले आणि त्यांच्या साळुंक्या खरोखर झोपल्या. त्यात खोटं काही नव्हतं. खोटं पुढे सुरू झालं. ज्यांच्या झोपल्या नाहीत त्यांना स्थिरदत्त म्हणाला, “रीत खरी आहे, तुम्ही खोटे आहात.” मग त्याने राजाकडून आज्ञा मिळवली, की सगळ्या प्रजेने रोज बसावं, आणि शांतता राहावी म्हणून डफ, जातं, घण आणि माग बंद ठेवावेत. घाटावर त्याने भस्माची रेघ ओढली. रेघेच्या आत जो हलेल त्याचा पाय दगड होईल आणि दगड रोज चार बोटं वर चढेल. आता सांगा, सुताराच्या हातातला रंधा न्हाव्याच्या हाती द्यायचा, आणि गिऱ्हाइकाचा गाल सोलला की गालालाच दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

त्या नगरीत सुभगा नावाची दवंडीवाली राहात होती. जन्म, लग्न, चोरी, मरण, सगळी वर्दी ती डफावर देई. चार पावलं, एक थाप, मग वर्दी. तिच्या घराण्याचा दंडक होता की वर्दी कुणाचीही असो, स्वतःच्या घरची का असेना, ती दवंडीवालीनेच द्यायची, आणि सातही गल्ल्या फिरून द्यायची. डफ बंद झाल्यापासून तो खुंटीवर होता, आणि सुभगाची साळुंकी दिवसभर बडबडत होती. आवाज गेला, काम गेलं, आता तू कोण?

सुभगाची थोरली बहीण कुंदलता मागावर लुगडी विणत असे. सुभगा तिला अक्का म्हणे. अक्काचा माग बंद झाला आणि तिची बोटं वेडी झाली. घाटावर डोळे मिटून बसली असताना तिच्या बोटांनी आपोआप हवेतला धागा ओढला. एवढंच. डोळे उघडले तेव्हा तिचे दोन्ही पाय काळ्या दगडाचे होते.

सुभगा धावत गेली. अक्का म्हणाली, “रडू नकोस. घाटाच्या पायऱ्यांनी माझे गुडघे दुखायचे. आता ते कधी दुखणार नाहीत.”

“अक्का, थट्टा पुरे.”

“मग बोटं मोज. सतराव्या सूर्योदयाला दगड काळजाला भिडेल.”

सुभगा राजाकडे गेली आणि बहिणीला सोडा म्हणाली. राजाने तोंड उघडलं, साळुंकी कुजबुजली, राजाने तोंड मिटलं. शेवटी त्याने हाताने चौकातल्या हंड्याकडे बोट दाखवलं. हंड्याजवळच्या उंबरावर एक म्हातारा धनेश पक्षी बसे. तो त्या हंड्याचा राखणदार होता, आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

सुभगाने विचारलं. धनेश म्हणाला, “तीन कड्यांना तीन पिसं. माणसाची साळुंकी त्याच्या स्वतःच्या रीतीने गप्प झाली की तिचं एक पीस गळतं. तीन पिसं तीन वेगळ्या रीतींची हवीत. एका रीतीच्या हजार पिसांनी एकच कडी निघेल. तिन्ही निघाल्या की हंडा उघडेल, आणि ज्याची साळुंकी गप्प होईल त्याची ती आपणहून हंड्यात परत येईल.”

“आणि माझी अक्का?”

“साळुंकी गेली की दगड जातो. सोळा दिवस आहेत. चाल.”

पहिलं पीस सोपं होतं आणि तेच सर्वांत कडू होतं. सुभगा स्थिरदत्ताकडे गेली. त्याच्या आसनाखाली पीस होतं, त्याच्याच साळुंकीचं. त्याने ते लगेच काढून दिलं आणि म्हणाला, “घे. बाकीची दोन मिळायची नाहीत, कारण दुसरी रीत नाही. दोष तुझ्या बहिणीत आहे.” सुभगाने पीस पदरात बांधलं. आधी जाऊन घाटावर पुन्हा एकदा नेटाने बसून पाहिलं, कारण आपणच हटवादी आहोत की काय, असा संशय तिला स्वतःचाच आला. श्वास रोखून ती घटकाभर बसली. साळुंकीला रान मोकळं मिळालं. ती इतकी ओरडली की सुभगाच्या कानात तीन दिवस भणभणत होतं. संशय मात्र फिटला.

दुसऱ्या पिसासाठी ती तीन डोंगर ओलांडून भद्रजटा राक्षसिणीच्या गुहेत पोचली. राक्षसीण पहाडाएवढी होती आणि तिची साळुंकी गिधाडाएवढी. राक्षसीण मीठ फोडत बसली होती आणि साळुंकीशी कडाकडा भांडत होती.

साळुंकी म्हणाली, “तुला सगळे हसतात.”

“सगळे म्हणजे कोण? नावं घे.”

“पलीकडच्या डोंगरावरचे.”

“कधी हसले? कुणी पाहिलं? तू तिथे होतीस?”

साळुंकी गडबडली, पंख फडफडवले, आणि चोच मिटून बसली. तिचं एक पीस गळून मिठात पडलं. राक्षसिणीने ते झटकून सुभगाला दिलं. म्हणाली, “बाई, मी बसून पाहिलं, उपास करून पाहिला, थंड पाण्यात उभी राहिले. सगळ्याने पडसंच झालं. मला भांडण मानवतं. तुला काय मानवतं?”

सुभगाने पीस पदरात बांधलं. बाहेर येऊन तिने राक्षसिणीची रीत करून पाहिली. पण तिची साळुंकी दवंडीवालीची होती, तिला नावं, तारखा, साक्षी सगळं तोंडपाठ. ‘कोण म्हणालं?’ विचारताच तिने एकवीस जणांची नावं सांगितली, गल्लीसकट. सुभगा कपाळाला हात लावून खाली बसली.

परतीच्या वाटेवर तिने एका जोग्याबरोबर भजन केलं, एका आजीबाईबरोबर आपलं दुःख पानावर लिहून नदीत सोडलं, एका पहिलवानाबरोबर शंभर जोर काढले. जोग्याची साळुंकी भजनात डुलत होती, आजीची झोपलेली होती, पहिलवानाची घामाने चिंब होऊन गप्प होती. पण आजीचं, जोग्याचं, पहिलवानाचं पीस केव्हाच वाऱ्याने उडून गेलं होतं, कुणी जपून ठेवलं नव्हतं. झोपलेली साळुंकी दुसरं पीस टाकत नाही. आणि सुभगाची साळुंकी एकाही रीतीला बधली नाही. सोळाव्या दिवशी दुपारी ती नगरीत आली तेव्हा पदरात पिसं दोनच होती.

घाटावर अक्का छातीपर्यंत दगड झाली होती. हात तेवढे मोकळे होते. तिने सुभगाचं तोंड पाहिलं आणि विचारायचं टाळलं. म्हणाली, “दंडक माहीत आहे ना तुला?”

“अक्का, मला नाही जमणार.”

“ही साळुंकी बोलली की तू?”

सुभगाने खांदा झटकला.

“उद्या मी जाणार,” अक्का म्हणाली. “माझी वर्दी परक्याने दिलेली मला चालायची नाही. लोकांना सांग, भेटायचं त्यांनी आजच भेटून घ्यावं. आणि स्पष्ट सांग. तू घाईत शब्द खातेस.”

सुभगा घरी गेली. खुंटीवरचा डफ काढला. डफ वाजवला तर राजाज्ञा मोडते, साळुंकी ओरडली, तुला घाटावर बसवतील, तूही दगड होशील. सुभगाने डफ शेकला, गळ्यात अडकवला आणि पहिल्या गल्लीत शिरली. चार पावलं, एक थाप. ‘ऐका हो ऐका, कोष्टीण कुंदलता उद्या सूर्योदयाला जाणार.’ तिचा आवाज फाटला. साळुंकी म्हणाली, शब्द खाल्लेस. चार पावलं, एक थाप. दारं उघडली. कित्येक महिन्यांत नगरीने डफ ऐकला नव्हता.

दुसऱ्या गल्लीत तिची पावलं जुन्या चालीवर आली. श्वास पावलांवर बसला, थाप श्वासावर. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तिने वर्दी दिली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कुणीतरी बोलायचं राहिलं होतं. तिने मान वळवली. साळुंकी डोळे मिटून थापेच्या तालावर मान हलवत होती. एक राखी पीस गिरक्या घेत डफावर पडलं.

सुभगा रस्त्यातच थांबली. जी रीत शोधत ती तीन डोंगर हिंडली, ती तिच्या घरच्या खुंटीवर टांगलेली होती. तिने तिला काम म्हटलं होतं, औषध म्हणून कधी ओळखलंच नव्हतं. आणि जो शांतता आणायला आला होता त्याने आधी तीच बंद केली होती!

ती धावली. तिथून थेट राजवाड्यापर्यंत डफ वाजवत धावली. हंड्याच्या पहिल्या कडीला बसणाऱ्याचं पीस लावलं, दुसरीला भांडणारीचं, तिसरीला चालणारीचं. कड्या खणकन पडल्या, झाकण उघडलं. सुभगाच्या खांद्यावरची साळुंकी उठली, अंग झाडलं, आणि काही न बोलता हंड्यात जाऊन बसली. खांदा इतका हलका झाला की सुभगाचा तोल गेला.

घरातून सुताचं बिंडं घेऊन ती घाटावर आली. रेघेच्या आत पाऊल न टाकता तिने बिंडं आत फेकलं आणि सुताचं टोक आपल्या हातात ठेवलं.

“नाडी विण, अक्का.”

“मरताना नाडी? परकर कुणाचा?”

“विण म्हणते ना.”

अक्काने सूत बोटांत घेतलं. रेघेबाहेर सुभगाने टोक ताणून धरलं, रेघेआत अक्काची बोटं चालू लागली. वर, खाली, पिळा, ओढ. तिची साळुंकी म्हणाली, गाठ सुटणार. पुढच्या वितीला म्हणाली, गाठ. त्याच्या पुढच्या वितीला काहीच म्हणाली नाही. नाडी हातभर झाली तेव्हा साळुंकी उडाली आणि हंड्याच्या दिशेने गेली. अक्काच्या छातीवर तडा गेला, मग कमरेवर, मग गुडघ्यांवर, आणि काळ्या दगडाचे पापुद्रे घाटाच्या पायऱ्यांवरून नदीत घरंगळले. अक्का उठून उभी राहिली. तिने एक पाय झटकला, मग दुसरा.

“गुडघे दुखतायत,” ती म्हणाली, आणि दोघी बहिणी गळ्यात पडून हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या.

दुसऱ्या दिवशी लोकांनी स्थिरदत्ताला राजापुढे उभं केलं. राजाने तोंड उघडलं, साळुंकी कुजबुजली. राजा उठून बाहेर गेला. चावडीपुढे ती म्हातारी म्हैस उभी होती. राजाने पेंढ्याचा बोळा घेतला आणि तिची पाठ घासू लागला. घासता घासता मुकुट खाली पडला, तो त्याने उचलला नाही. पाठ घासून झाली, पोट झालं, आणि राजाची साळुंकी हंड्याकडे उडून गेली. मग हातातला बोळा न टाकता राजाने नऊ वर्षांतला पहिला निवाडा केला. म्हैस कोणत्याच भावाची नाही, तिला मोकळी चरू द्यावी. भस्माची रेघ पुसावी. माग, जाती, घण, डफ सुरू व्हावेत. ज्यांना बसणं मानवतं त्यांनी खुशाल बसावं, घाट त्यांचाही आहे. आणि स्थिरदत्ताने वर्षभर सुभगाच्या डफामागे चालावं, दारोदारी जाऊन प्रत्येकाला त्याची रीत विचारावी, आणि फक्त ऐकावं.

स्थिरदत्ताने मान खाली घातली. म्हणाला, “मला जे औषध लागू पडलं ते मी सगळ्यांना पाजलं. कुणाला काय दुखतंय ते विचारलं नाही.”

“आता विचार,” सुभगा म्हणाली, आणि डफावर थाप मारली.

त्या वर्षी कुणाची साळुंकी पोळ्या लाटताना गेली, कुणाची पोहताना, कुणाची मित्राशी पारावर बोलताना. एका गवंड्याची तीन रीती करून चौथीने गेली. अधूनमधून एखादी हंड्यातून डोकं काढून जुन्या मालकाकडे बघे, तेव्हा तो हसून आपल्या कामाला लागे आणि ती आत जाई. हंड्याचं झाकण पुन्हा कुणी लावलं नाही. त्या राज्यात निवाडे झाले, मडकी भाजली, लुगडी विणली गेली, आणि अक्काने विणलेली ती हातभर नाडी सुभगाने आपल्या डफाला बांधली. डफ अजून वाजतो आहे. ज्यांचे खांदे हलके झाले ते झाले, ज्यांचे व्हायचे आहेत त्यांची चाल त्यांना सापडो.