बुंदी जेवत नाही

माळावर एक काटेरी कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत कुणालाच नको असलेली डुकरं राहायची. काळी, करडी, गुलाबी, ठिपक्याठिपक्यांची. एक उलटलेल्या ट्रकमधून पळालेलं. एक इवलंसं गटारात अडकलेलं. सगळ्यांना आक्कानं उचलून आणलं होतं. आक्का म्हणजे मल्लूची थोरली बहीण, कस्तुरा. दोघांना आईबाप नव्हते. पत्र्याची एक खोली होती, एक चूल होती आणि मल्लूला आक्का होती.

मग आक्काला ताप आला आणि ती गेली.

ती गेली तरी डुकरांना सकाळी भूक लागायचीच. म्हणून मल्लू उठायचा. हौदात पाणी भरायचा. ओलं झालेलं उसाचं पाचट काढून कोरडं अंथरायचा. खड्ड्यात पाणी ओतून पायानं चिखल मळायचा, कारण गुलाबी डुकरांची कातडी उन्हात भाजते. त्यांच्या कानांना करंजाचं तेल लावायचा. आक्का हे सगळं गाणं म्हणत करायची. मल्लू गप्प राहून करायचा. डुकरं काम चालू असताना सारखी फाटकाकडे बघायची, आणि मल्लूला वाटायचं, यांना कसं सांगू? मलाच अजून कळलेलं नाही.

सगळ्यांत वाईट हाल बुंदीचे होते. बुंदी पांढरी होती आणि तिच्या अंगभर पिवळे-पिवळे ठिपके होते, कुणी बुंदीचं ताट सांडल्यासारखे. लहान असताना तिला आणि तिच्या भावंडांना कुणीतरी पिठाच्या गोळ्यातून विष घातलं होतं. भावंडं मेली, बुंदी वाचली. तेव्हापासून ती कुणाच्या हातचं खात नसे. आक्का तिच्यासमोर बसायची, भाकरी मोडायची, पहिला घास स्वतः खायची. मग दुसरा बुंदी खायची. रोज असंच. आता आक्का नव्हती आणि बुंदी जेवत नव्हती.

शिद्दूमामा बाजारातला उरलेला भाजीपाला हातगाडीवर घालून आणायचे. त्या दिवशी त्यांनी भोपळे उतरवले आणि बुंदीजवळ उकिडवे बसले.

"मल्ल्या, हिच्या बरगड्या दिसायला लागल्या की रे."

"मी पण तिच्यासमोर आधी घास घेतो, मामा. ती बघते आणि तोंड फिरवते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, आता खाल्लं नाही तर जाईल."

मामांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. तेवढ्यात सरपंच नावाच्या जाड्या डुकरानं अख्खा भोपळा पळवला. "हे बघ! सरपंचाला बोलवायला लागत नाही, पंगत बसायच्या आधीच हजर!" मामा हसले. मल्लू हसला नाही. मामांनी फडक्यातली भाकरी त्याच्या हातात दिली.

"तू तरी जेवलास का?"

"जेवलो."

"खोटारडा. तुझ्या बरगड्या तिच्याहून वर आल्यात," मामा म्हणाले आणि हातगाडी ढकलत गेले.

कुंपणापलीकडे पेरूची बाग होती. बुंदीला पेरू आवडतील म्हणून मल्लू तिकडे गेला. बागेत हिरवं-सोनेरी ऊन झिरपत होतं. पोपट किलबिलत होते. पानं लुकलुकत होती. एवढं सगळं छान दिसत होतं याचाच मल्लूला राग आला. त्यानं झाडाला जोरात लाथ मारली.

"आई गं! हळू की रे!"

पेरूबरोबर झाडावरून एक इटुकली परी खाली पडली. तिचे चिमुकले पंख पाण्यावरच्या तेलासारखे चमकत होते, निळे, जांभळे, मोरपंखी. पदराला दवाचे थेंब शिवलेले होते. पायात पैंजण होते आणि पैंजणाला चिखल लागला होता.

"तू परी आहेस?"

"आहेच मुळी. मघापासून तुझीच वाट बघत होते."

"मग माझ्या आक्काला आण."

परीचे पंख एकदम फिके पडले. "गेलेल्या माणसाला मला आणता येत नाही, राजा."

"मग कशाला आलीस? जा!" मल्लूनं पेरू भिरकावला. परी गेली नाही. ती हळूच येऊन त्याच्या गुडघ्यावर बसली. तिचं वजन फुलपाखराएवढंसुद्धा नव्हतं.

"तुला दोन इच्छा मिळतील. पहिली दुसऱ्यासाठी मागायची, दुसरी स्वतःसाठी. आणि नीट विचार कर हं, कारण एकदा तोंडातून गेली की..."

"बुंदीला आक्काचा आवाज ऐकव!"

"अरे, पुरतं ऐकून तरी घे..."

पण आवाज आलाच. फाटकाकडून. अगदी तसाच, थोडा घोगरा, थोडा हसरा. "बुंदे, ये गं! ये, ये, ये!"

सगळ्या डुकरांनी कान उभे केले. बुंदी थरथरत उठली. जी दोन पावलं टाकत नव्हती ती पळत सुटली. इकडे बागेतून मल्लूही फाटकाकडे पळाला, धडपडला, पुन्हा उठून पळाला. "आक्का! आक्का!"

फाटकाशी कुणी नव्हतं. फक्त ऊन होतं. बुंदीनं जमीन हुंगली, खांब हुंगला, वारा हुंगला. मग आवाज थांबला. बुंदी तिथंच, भर उन्हात, कोसळली.

मल्लूनं ओंजळी भरभरून चिखल आणला आणि तिच्या पाठीवर लिंपला. "चुकलं गं माझं. मला वाटलं, तुला बरं वाटेल. मलापण वाटलं..." परी फाटकावर बसून रडत होती. तिचे अश्रू मोत्यांसारखे चमकत खाली पडत होते आणि त्या मोत्यांचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

मल्लूनं मामांची भाकरी काढली. घास मोडून तोंडात घातला. बुंदीनं एक डोळा उघडला. मल्लू चावत राहिला, चावत राहिला. घास आत जाईना. त्यानं मान वळवली आणि रोजच्यासारखा तो हातात थुंकून टाकला.

बुंदीनं डोळा मिटला.

तेव्हा मल्लूला कळलं. ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरतो का, ते बघत होती. आक्का गेल्यापासून तो एकदाही उतरला नव्हता. जे हा स्वतः गिळत नाही ते विषच असणार, एवढंच बुंदीला कळत होतं.

परी खाली आली. "मल्लू, एक इच्छा उरली आहे. स्वतःसाठी. काय देऊ? चांदीच्या पत्र्याचं घर देऊ? की हे दुःखच पुसून टाकू? मग आक्का आठवणार नाही आणि रडूही येणार नाही."

मल्लूनं बुंदीच्या पाठीवरून हात फिरवला.

"आक्का आठवणारच नाही?"

"मुळीच नाही."

"मग नको." त्यानं नाक पुसलं. "मला भूक दे."

"भूक? एवढंच?"

"खरी भूक. गिळता येईल अशी."

परीनं ज्वारीच्या दाण्याएवढा सोनेरी ठिपका त्याच्या पोटावर ठेवला. तो आत विरघळला आणि मल्लूच्या पोटात एवढ्या जोरात गुरगुरलं की सरपंच दचकून चिखलात बसला. मल्लूनं घास तोंडात घातला. तो रडतच होता, भाकरी खारट लागत होती. गळा दुखला. पण घास खाली उतरला.

बुंदीनं डोळे उघडले. तिनं बघितलं. मान उचलली. तिचं ओलं, गार नाक मल्लूच्या तळहाताला लागलं आणि तिनं भाकरीचा तुकडा उचलला. हळूहळू चावला. गिळला.

"शहाणं माझं पोर ते," परी पुटपुटली. तिचे पंख उजळले, आधी निळे, मग केशरी, मग नुसताच उजेड झाला. पाण्याचा हौद झगमगला, चिखल सोन्यासारखा झाला, डुकरांच्या पाठी लखलखल्या. मग परी त्या उजेडातच मिसळून गेली.

मल्लूनं वर बघितलं नाही. तो पुढचा घास मोडत होता. बुंदी त्याच्या गळ्याकडे बघत बसली होती.