कातळावरचा करार

डोंगरापलीकडच्या रानात मोहाची एक राई होती आणि ती राई एका अस्वलाची होती. मुलांनो, मोह फुलला की पहाटेपासून त्याची रसाळ फुले खाली टपटपू लागतात. ती वेचायची, जवळच्या काळ्या कातळावर वाळत घालायची आणि भर दुपारी उलटवायची, हे काम खारी करत. वाळलेली फुले अर्धी अस्वलाची, अर्धी खारींची. त्यावर दोघांचाही पावसाळा निघे. दरवर्षी हंगामाची पहिली फुले वाळत पडली की या कामाचा करार होई आणि त्याची रीत ठरलेली होती. करार दुपारी करायचा आणि कातळावर उभे राहूनच करायचा. ज्याला बोलायचे त्याचे पाय कातळावर हवेत. त्यामुळे कोणी पाल्हाळ लावत नसे. अस्वल आपले म्हणणे सांगे, खारी आपले सांगत, आणि पाय पोळायच्या आत सगळे मोकळे होत.

कातळावर एका जुन्या ऐनाच्या झाडाची विरळ सावली असे, म्हणून ते काम सोसवत होते. पण गेल्या वादळात तो ऐन उन्मळून पडला. यंदा कातळ नुसता तव्यासारखा तापला आणि फुले उलटवताना खारींच्या पंजांना फोड येऊ लागले. तेव्हा सगळ्या खारींनी मिळून एक मागणी ठरवली : फुले दुपारी न उलटवता उन्हे कलल्यावर उलटवायची. मागणी मांडायला त्यांनी एका खारीला पुढे केले. तिची पिल्ले नुकतीच जन्मली होती आणि मोहाच्या उंच ढोलीत डोळे मिटून पडलेली असत.

अस्वल करारासाठी निघाले तेवढ्यात एक कोल्हा त्याच्या कानाला लागला. हा कोल्हा त्या रानातला नव्हता. रानोरानी फिरून सल्ले देणे हाच त्याचा उद्योग. तो म्हणाला, "मालक, यंदा कातळावर सावली नाही. तुम्ही कशाला पाय भाजून घेता? तुमच्या वतीने मी बोलतो. आणि एक करा, खारींशी परस्पर एक शब्दही बोलू नका. बोललात की फसलात."

बघा हं. कातळ तापतो, हे कोल्ह्याला पक्के ठाऊक होते. खारींचे गाऱ्हाणे नेमके तेच होते. ते अस्वलाच्या पायांना कळू नये, एवढीच त्याने काळजी घेतली. अस्वल काही दुष्ट नव्हते, पण सुखावले. "बरं झालं," म्हणाले आणि गुहेत जाऊन पडले.

इकडे अस्वलाऐवजी कोल्हा बोलणार हे ऐकून खारी बिचकल्या. त्यांच्याकडेही एक कावळा आला. तोही बाहेरगावचाच. "बायांनो, तुम्हाला बोलता कुठं येतं? तुमची बाजू मी मांडतो. फक्त त्या अस्वलाशी परस्पर बोलू नका, नाहीतर तुमची बाजू लंगडी पडेल." खारींना तेही पटले. इथे त्यांचेही चुकले, ते मी झाकून ठेवणार नाही.

कोल्हा आणि कावळा कातळाकडे फिरकलेच नाहीत. ओढ्याकाठी करंजाच्या गार सावलीत त्यांनी बैठक मारली आणि पहिल्याच दिवशी ठरवले की प्रश्न गुंतागुंतीचा आहे, समिती नेमावी लागेल. समितीवर घुबड अध्यक्ष झाले. "मी दिवसा डोळे उघडत नाही," ते म्हणाले, "त्यामुळे ऊन या विषयावर माझं मन अगदी निःपक्षपाती आहे." सदस्य म्हणून एक सरडा घेतला, कारण तो कोल्ह्यासमोर कोल्ह्याच्या रंगाचा होई आणि कावळ्यासमोर कावळ्याच्या. तो दोन्ही बाजूंना पसंत पडला. समितीच्या तोंडी लावायला राईतली ताजी फुले रोज पाठवावी, हा ठराव मात्र चर्चेशिवाय मंजूर झाला.

आणि नवा करार होईपर्यंत? होईपर्यंत जुना चालू. म्हणजे फुले दुपारीच उलटवायची. काम सोडावे तर पावसाळ्याचा वाटा जाणार. खारी रोज त्या जळत्या कातळावर उतरत राहिल्या.

एके दिवशी समितीने पिल्लांच्या आईला बोलावले. ती लंगडत आली. सरड्याने विचारले, "कातळ तापतो, असं तुमचं म्हणणं. पण तुम्ही पाय जरा जोरात टेकवता का?"

तिने पंजे उलटे करून दाखवले. कावळ्याने मान वळवली. कोल्हा फूल चघळत म्हणाला, "फोड आहेत. पण ते कातळाचेच कशावरून? झाडाच्या सालीचेही असू शकतात." घुबडाने डोळे न उघडताच निर्णय दिला, "मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. पुढच्या बैठकीत घेऊ." आणि चौघेही फुलांकडे वळले. पंजे भाजलेल्या आईला कोणी पाणीसुद्धा विचारले नाही. मला हे लिहितानाही संताप येतो.

पुढची बैठक झाली, तिच्या पुढचीही झाली. घोडे जिथल्या तिथे अडलेले. कावळा रोज संध्याकाळी खारींना सांगे, "बोलणी चांगली चालली आहेत." कोल्हा अस्वलाला तेच सांगे. दोघेही बरेच गुटगुटीत झाले होते.

मग तो दिवस उजाडला. फुले उलटवून ती आई घरी निघाली आणि तिला झाड चढता येईना. नखे सालीत रुतवली की फोड फुटत आणि ती घसरून खाली येई. वर ढोलीत पिल्ले चिरकत होती. रात्र अशीच गेली. सकाळी तो आवाज बारीक झाला होता.

तो बारीक आवाज गुहेपर्यंत गेला आणि अस्वल बाहेर आले. बुंध्याशी खार धडपडत होती.

"काय झालं, बाई?"

खार गप्प राहिली. बोलायचे नाही, असे कावळ्याने बजावले होते. अस्वलही घुटमळले. त्यालाही कोल्ह्याने तेच बजावले होते. एका झाडाखाली दोघे एकमेकांकडे पाहत उभे होते आणि वर पिल्ले उपाशी होती. अखेर खार म्हणाली, "मालक, बोलले तर आमची बाजू लंगडी पडते म्हणतात. पडू दे. मला वर पोचवा. पोरं कालपासून उपाशी आहेत."

अस्वलाने तिला पाठीवर घेतले आणि झरझर झाड चढले. ढोलीत पिल्ले एकमेकांना चिकटून पडली होती. आईने त्यांना पोटाशी घेतले. सगळ्यात धाकटे तेवढे हलले नाही. ते गार झाले होते.

अस्वल बराच वेळ फांदीवर बसून राहिले. मग खाली उतरले आणि थेट कातळावर जाऊन उभे राहिले. ऊन डोक्यावर आले होते. थोड्याच वेळात त्याचे जाड तळवेसुद्धा पोळू लागले, पण ते हलले नाही. तिथूनच त्याने खारींना हाक मारली.

खारी आल्या. ती आईसुद्धा दुसऱ्या खारीच्या आधाराने आली. कोल्हा आणि कावळाही धावत आले. "मालक, हे नियमाला सोडून आहे," कोल्हा म्हणाला. "समितीचा अहवाल यायचा आहे," कावळा म्हणाला.

"या ना," अस्वल म्हणाले. "इथं माझ्याशेजारी उभे राहा आणि काय सांगायचंय ते सांगा."

कोल्ह्याने एक पाय पुढे टाकला आणि लगेच मागे घेतला. कावळा उडाला तो परत टेकलाच नाही. अस्वल खारीकडे वळले. "तुमची मागणी काय होती?"

"फुलं दुपारी नको, उन्हं कलल्यावर उलटवू."

"इतकंच?"

"इतकंच होतं, मालक."

"मान्य," अस्वल म्हणाले. करार झाला. कोल्ह्याचे तोंड पुन्हा त्या रानात दिसले नाही. करंजाखालच्या घुबडाला मात्र कोणी कळवायच्या भानगडीत पडले नाही. त्याने अजून डोळे उघडले नसतील.

दुपारी आता सगळ्या खारी सावलीत निजतात. ती आईही पिल्लांना कुशीत घेऊन निजते, पण झोपेत तिचा पंजा धाकट्याची जागा चाचपतो. ज्या एका शब्दाने ते वाचले असते, तो शब्द अस्वलापाशी पहिल्या दिवसापासून होता.

तात्पर्य : सल्ला कोणाचाही ऐकावा, पण आपले तोंड दुसऱ्याला देऊ नये. ज्याचे पाय भाजतात आणि ज्याच्या एका शब्दाने ते भाजणे थांबते, त्या दोघांनी समोरासमोर बोलावे. सावलीत बसणाऱ्याला घाई नसते.