सातव्या घरची शेजारीण

मांजरींनी पिल्लांना सात घरं दाखवायची रीत नुकतीच पडली होती, तेव्हाची गोष्ट. कवडी मांजरीची सहा घरं झाली होती. एका घरी कुत्रा होता, दुसऱ्या घरी उघडी विहीर. उरलेल्या चारांत खोट काढायला ती स्वतःच पुरेशी होती. सातव्या घरी, गोठ्यात, ती पिल्लांना घेऊन जेमतेम टेकली, तोच बाहेरून शेळीचा आवाज आला.

"ए बोकोबा, हौदावर चढतोस? उतर आधी! आईला सांगू?"

कवडी फिसकारत बाहेर धावली. "माझ्या लेकराला रागावणारी तू कोण गं?"

"शेजारीण. धाकटीवरही लक्ष आहे माझं. तू जरा पड बाई, डोळे बघ किती ओढलेत!"

कवडी पडल्या पडल्या आठव्या घराचा बेत करू लागली. तो अर्धाही झाला नाही, आणि तिला गाढ झोप लागली.